मोती वाईट आहे का?



गेल्या महिन्यात सहावीतील एक विद्यार्थिनी प्रार्थनेनंतर रडत माझ्या खोलीत आली. तिच्या लाडक्या मोतीने अंगणात एक खार मारली होती. आपण इंदूरकर जिला घरात सर्रास गिलहरी म्हणतो, तीच. घरी मोतीला चांगलाच चोप बसला होता. "सर, आमचा मोती वाईट आहे का हो?" तिने विचारले. तिला दिलेले उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहे.

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. टक लावणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे ही शिकारीची साखळी त्याला उपजतच मिळाली आहे. माणसाने आपल्या गरजेप्रमाणे तिच्यातील काही कड्या बळकट केल्या. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली टक लावतो, दबकतो, पण सहसा धरत नाही. आपला मुधोळ मात्र दुरून ससा हेरून वाऱ्यासारखा सुटतो. पोट भरलेले असले तरी कुत्रा खारीमागे धावतो, कारण आनंद धावण्यातच असतो. नंतर मारून काही साधत नाही. मार कशाचा हे त्याला कळत नाही. उलट हाक मारली तरी तो जवळ येईनासा होतो.

मग करावे काय?

१. बाहेर नेताना पट्टा व दोरी असावीच. प्रत्येक यशस्वी पाठलागाने सवय पक्की होते.

२. खुणा ओळखा. कान ताठ, शरीर स्थिर, नजर एकाच जागी. हाक मारायची ती याच क्षणी. एकदा धावू लागला की त्याला ऐकू येत नाही असेच समजा.

३. हाकेचा सराव आधी घरात, मग अंगणात, मग दुरून खार दिसेल अशा ठिकाणी करावा. आला की लगेच आवडता खाऊ द्यावा. उशिरा आला तरी रागावू नये.

४. दोरीला बांधलेली चिंधी किंवा चेंडू यांच्यामागे रोज धावू द्यावे. स्वभावाला वाट हवी.

५. अंगणात सोडण्यापूर्वी टाळ्या वाजवाव्या, म्हणजे खारी झाडावर चढतील. पाखरांसाठी दाणे कुत्र्याच्या वाटेवर टाकू नयेत.

६. रेबीजची लस वेळेवर द्यावी. जखमी प्राण्याला उघड्या हाताने उचलू नये, मोठ्यांना सांगावे.

एवढे करूनही ही ओढ पूर्ण जात नाही. म्हणून जिथे ससे, मोर, मुंगूस वावरतात तिथे कुत्रा कितीही शहाणा असला तरी मोकळा सोडू नये.

मोती वाईट नाही, बाळ. तो कुत्रा आहे. खारीची काळजी त्याने नाही, आपण घ्यायची आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी पंधरा दिवस हा सराव करावा आणि अनुभव वहीत लिहून मला अवश्य दाखवावा.

— प्राचार्य