अब्बांच्या घड्याळात नवी मशीन: घरच्या टेबलावर केलेलं एक काम

वजू करताना घड्याळ काढून खिशात ठेवायची सवय अब्बांना नव्हती. बाह्या वर करायच्या, घड्याळ कोपराकडे सरकवायचं आणि नळाखाली हात धरायचे. दिवसातून पाच वेळा, वीस वर्षं. स्टीलचं सीको ५ होतं ते, जेद्दाहून आणलेलं, वाराच्या खिडकीत इंग्रजी आणि अरबी दोन्ही दाखवणारं. त्यांच्या इंतकालानंतर ते अम्मींच्या कपाटात पडून होतं. मागच्या पावसाळ्यात आम्ही ते काढलं, दोन-चार वेळा हलवलं. सेकंद काटा दोन मिनिटं चालला आणि थांबला.

नया नगरमध्ये काचेच्या पेटीमागे बसणारे एक चाचा आमच्या ओळखीचे. ९२-९३ च्या दंगलींनंतर दक्षिण मुंबईतून जी बरीच कुटुंबं मीरा रोडला आली, त्यांच्यातलेच ते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पानी गया है. मशीन गई." चावीच्या बाजूला तांबूस गंज दिसत होता. त्याची पूड आत चाकांमध्ये गेलेली. सगळं खोलून, धुऊन, गंजलेले भाग बदलून द्यायचे तर खर्च नव्या मशीनइतकाच, आणि चालेल याची हमी नाही. नवी मशीन टाकायला सांगितली तर म्हणाले, आता हात थरथरतो, काटे बसवायचं काम घेत नाही. तुम्ही आणा, तुम्हीच बसवा, अडलात तर या.

असं आम्ही या कामात पडलो. बी.एड.ला कुणी हे शिकवलं नव्हतं. पण नया नगर, शांती नगर, भाईंदर, वसई, कुठेही पाहा, आखातातून आलेलं एखादं सीको ५ घराघरात पडून आहे आणि बहुतेकांना कुणीतरी सांगितलंय की आता त्याचं काही होणार नाही. होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी समजून घेऊ की हे घड्याळ चालतं कसं. यात सेल नसतो. मनगट हललं की आतला अर्धगोल रोटर फिरतो, तो कमान गुंडाळतो, आणि ती कमान हळूहळू उलगडताना काटे फिरवते. आमच्या नववीच्या मुलांना आम्ही स्थितिज ऊर्जा समजावतो ती हीच. पूर्ण भरलेली कमान चाळीस तासांच्या आसपास चालते. शनिवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी हातात घेतलं तर चालू असायला हवं. तीन-चार तासांतच थांबत असेल तर आतलं तेल सुकलंय किंवा घाण अडकलीय असं समजावं.

सीको ५ हे नाव १९६३ पासूनचं. त्यातला ५ म्हणजे पाच गुण: आपोआप भरणारी कमान, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चारच्या जागी आत दबलेली चावी, आणि टिकाऊ केस-पट्टा. यातल्या पाण्याच्या बचावावर लोक फार भरवसा टाकतात. तो बचाव झाकणाच्या आणि चावीच्या बारीक रबर रिंगवर असतो. रबर काही वर्षांत कडक होतं, चिरतं. त्यानंतर झाकणावर काहीही लिहिलेलं असो, वजूचं पाणी आत जाणारच. आणि आपल्याकडे खाडी दोन पावलांवर, हवा बारा महिने दमट.

पाठीवरचे आकडे

मशीन विकत घेण्याआधी घड्याळ उलटं करून आकडे वाचा. सीकोच्या झाकणावर दोन क्रमांक असतात. एकात मधे आडवी रेघ असते. रेघेच्या आधीची चार अक्षरं म्हणजे मशीनचा प्रकार, आमच्या घड्याळावर ७एस२६. रेघेनंतरचे चार आकडे केसचे. दुसरा सहा आकड्यांचा क्रमांक म्हणजे जन्मपत्रिकाच. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी आकड्याऐवजी इंग्रजी अक्षरं ओ, एन, डी. आमच्या घड्याळाची सुरुवात ८ आणि ३ ने. ७एस२६ मशीन १९९६ पासून आली, त्यामुळे १९८८ शक्य नाही. २००८ ला अब्बा जेद्दात नव्हतेच. म्हणजे मार्च १९९८. आमच्या घरात या घड्याळावरून जुना वाद होता. मोठे भाऊ म्हणायचे, त्यांच्या जन्माच्या आनंदात घेतलेलं. भाऊ १९७५ चे. तो वाद त्या दिवशी मिटला, भाऊ थोडे नाराज झाले.

७एस२६ ला चावीने कमान भरता येत नाही आणि चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. तिच्याच घराण्यातली पुढची मशीन म्हणजे एनएच३६. सीकोच्याच गटातली कंपनी ती बनवते आणि इतर घड्याळ कंपन्यांनाही विकते. त्यामुळे ती सुटी मिळते. हिला चावीनेही भरता येतं, सेकंद काटाही थांबतो. माप तेच, डायलच्या मागच्या दोन पायांची भोकं त्याच जागी, काट्यांची भोकंही तीच: तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिलिमीटर. म्हणून जुनी डायल, जुने काटे, जुनी केस, सगळं तसंच राहतं. वार नको, फक्त तारीख हवी असलेल्या घड्याळात एनएच३५ चालते. आम्हाला मशीन चार हजारांच्या आत पडली, हत्यारांचे दीड हजार वेगळे. फुटपाथवरून सात-आठशेला घेतलेल्या ऑटोमॅटिकसाठी हा खर्च करू नका. त्यांच्यात बहुधा वेगळ्या मापाची चिनी मशीन असते, तिथे हे सगळं बसणारही नाही.

एचएमटीवाल्यांनाही एक शब्द. बंगळुरूला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर सुरू झालेला तो घड्याळ कारखाना. तो बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण जनता, पायलट ही चावीची घड्याळं साधी आणि मजबूत आहेत. त्यांची मशीन बदलायच्या भानगडीत पडू नका, साफ करून तेल घालून घ्या. जुने सुटे भाग अजून मिळतात.

आणखी एक गोष्ट आपल्या शहराची आहे म्हणून सांगतो. जगभरचे घड्याळांचे शौकीन ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ते म्हणजे जुन्या सीको ५ आणि एचएमटीला नवी रंगवलेली भडक डायल, इकडचे काटे, तिकडची मशीन जोडून विकलेलं घड्याळ. हातात कसब आहे यात शंका नाही. सांगून विकलं तर आमची काही तक्रार नाही, पण 'असली, पुराना स्टॉक' म्हणून विकलं तर ती फसवणूकच. ओळखायचं असेल तर डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत मशीनचा क्रमांक छापलेला असतो. तो आणि पाठीवरच्या क्रमांकाची पहिली चार अक्षरं जुळायला हवीत.

टेबलावर

आम्ही रविवारी फजरनंतर बसलो, कारण नंतर घरात पाहुणे आणि पंखा दोन्ही सुरू होतात. पंखा बंद ठेवा. टेबलावर पांढरा कागद पसरा, काठांना उंच कड येईल असं ट्रे मिळाला तर उत्तम. हत्यारं म्हणजे टोकदार चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, काटे उपटायच्या दोन चपट्या पट्ट्या, मशीन धरायचा स्टँड, हवा मारायचा रबरी फुगा, डोळ्याला भिंग. बोटांवर रबरी टोप्या घाला, घामाचा डाग डायलवरून निघत नाही.

झाकण आट्यांचं होतं. रबरी चेंडू दाबून डावीकडे फिरवला, उघडलं. न उघडल्यास चाव्यांनी खरवडत बसू नका, घड्याळवाल्याकडून सैल करून आणा. मग काटे बाराच्या जवळ एकावर एक आणून ठेवायचे. चावी काढण्यासाठी रोटर बाजूला फिरवला की चावीच्या दांडीशेजारी एका पट्टीवर बारीक खळगा दिसतो. दिसत नसेल तर चावी पूर्ण आत ढकलावी. त्या खळग्यावर चिमट्याच्या टोकाने हलका दाब आणि दुसऱ्या हाताने चावी बाहेर. जोर लावला तर आतली पट्टी सुटते आणि मग चाचांकडेच जावं लागतं. आता घड्याळ उलटं केलं की मशीन, डायल, काटे सगळं एकत्र तळहातावर येतं.

काटे काढताना डायलवर दुधाच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा ठेवला, त्यावरून दोन्ही बाजूंनी पट्ट्या सरकवल्या आणि एकदम उचलले. डायल दोन पायांवर बसलेली असते, कडेने नखाएवढी उचकटत न्यावी, एका बाजूने ओढू नये, पाय तुटतात.

इथपर्यंत सोपं होतं. खरी मेहनत वार-तारखेच्या चकत्यांची. सीको ५ ची चावी तीनवर नसते, थोडी खाली चारकडे असते. बाजारातल्या नव्या मशीनच्या चकत्या तीनच्या चावीसाठी छापलेल्या असतात. तशाच ठेवल्या तर खिडकीत आकडे तिरके, अर्धवट दिसतात. त्यात नव्या मशीनवर अरबी वार नव्हते. म्हणून जुन्या दोन्ही चकत्या काढून नव्या मशीनवर चढवायच्या होत्या. वाराची चकती मधोमध एका इवल्याशा क्लिपने धरलेली असते. तिच्याखाली बारीक स्क्रूंनी बसवलेलं पातळ पत्र्याचं झाकण, आणि त्याखाली तारखेची चकती.

ती क्लिप उडाली. सगळ्यांची उडते म्हणतात. टिक् असा आवाज आला आणि ती दिसेनाशी झाली. घरातल्यांना पाय उचलायला बंदी केली, लेकीने लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फरशीवर फिरवलं, पलंगाखालून सुया, पिना, एक हरवलेलं कानातलं निघालं. क्लिप आमच्या सदऱ्याच्या खिशात सापडली, तासाभराने. नव्या मशीनची क्लिप हाताशी होतीच, पण ती बसवायला मन होईना. एक शिकलो: क्लिप काढताना वर पारदर्शक पिशवी धरायची. आणि चुंबक मशीनपासून दूर, नाहीतर आतली केसासारखी बालकमानी एकमेकीला चिकटते आणि घड्याळ पळत सुटतं.

चकत्या बसल्यावर डायल बसवली. नव्या मशीनची चावीची दांडी लांब येते. जुनी शेजारी ठेवून मापायची, किंचित लांब कापायची, मग कानशीने घासत घासत आणायची. कमी कापलेली परत कापता येते. जुनी चावी तिच्यावर आट्यांनी चढवली.

काटे बसवण्याआधी चावी फिरवत राहिलो. ज्या क्षणी तारीख पलटली, तो क्षण मध्यरात्रीचा. तिथेच थांबून तिन्ही काटे बरोबर बारावर. असं केलं नाही तर तारीख दुपारी चारला बदलते. वार मात्र त्याच ठोक्याला पलटत नाही, तो पहाटेपर्यंत हळूहळू सरकतो, तो बिघाड नव्हे. सेकंद काट्याने आमचा घाम काढला. ०.२० मिलिमीटरचं भोक, आणि खाली तितकीच सुईसारखी दांडी. पहिल्या प्रयत्नात काटा वाकला, चिमट्याने सरळ केला, नीट पाहिलं तर आजही कळतं. त्यानंतर चोवीस तास फिरवून पाहिलं, काटे एकमेकांना किंवा आकड्यांना घासत नाहीत ना. फुग्याने धूळ उडवली, आतून काच पुसली, सगळं केसमध्ये बसवलं, दांडी आत, टक्. झाकणाची आणि चावीची रबर रिंग नवी, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा हात लावला. सहाला बसलेलो, जोहरची अजान झाली तेव्हा उठलो.

आता एक सावधगिरी. तारीख चावीने बदलायची असेल तर घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत बदलू नका. तेव्हा आतले दात चकतीत अडकलेले असतात, तुटतात. काटे आधी सहावर आणा, मग तारीख.

घड्याळ चाचांना दाखवायला नेलं. कानाला लावलं, मग मोबाइलच्या ॲपवर ठोके ऐकवले. सेकंदाला सहा, तासाला एकवीस हजार सहाशे. "काँटा टेढा है," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. मोठ्या भावांचं मात्र समाधान झालेलं नाही. मशीन बदलली तर ते अब्बांचं घड्याळ कसं राहिलं, असा त्यांचा सवाल. केस तीच, डायल तीच, चकत्या त्याच, हे आम्ही सांगून पाहिलं. जुनी मशीन त्यांनी मागून घेतली. सुरम्याच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलीय, त्यांच्याकडे.

घड्याळ आता आमची लेक घालते. अरबी वार तिने त्याच्यावरूनच पाठ केले. रोज सात-आठ सेकंद पुढे जातं. या मशीनसाठी कंपनीच दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे इतकी सूट धरते, तेव्हा हे चांगलंच म्हणायचं. जुम्याच्या सकाळी ती चावी ओढून सेकंद काटा थांबवते, मोबाइलशी मिळवते, आणि वजूला जाताना घड्याळ काढून आमच्या हातात देते.