जुनी स्विफ्ट घेताना

पिढ्या : भारतात पहिली २००५ मध्ये, दुसरी २०११, तिसरी २०१८, चौथी २०२४. जाहिरातीतलं वर्ष नव्हे, आरसीवरची उत्पादनाची तारीख धरावी.

इंजिनं : सुरुवातीचं पेट्रोल १२९८ सीसी, २०१० पासून तिसऱ्या पिढीपर्यंत ११९७ सीसीचं के-सिरीज. डिझेल १२४८ सीसी, मूळ फियाटचं. २००७ मध्ये आलं, बीएस-६ लागू होताना २०२० मध्ये बंद झालं.

मालकांच्या नेहमीच्या तक्रारी
• डिझेल : साधारण २००० आरपीएमच्या खाली टर्बो जागा होत नाही. घाटात, भरल्या गाडीत गिअर सारखा उतरवावा लागतो.
• एएमटी (२०१८ पासून) : गिअर बदलताना गचका. हा बहुतेकदा बिघाड नसतो, या गिअरबॉक्सचा स्वभावच असतो. चढावर गाडी मागे सरकते का, हे मात्र पाहावं.
• खड्ड्यात पुढून ‘खटखट’ : बहुधा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. खर्च फार मोठा नसतो. भाव पाडायला उपयोगी.
• मागची सीट तिघांना अडचणीची. डिकी तिसऱ्या पिढीतही २६८ लिटरच.

सुरक्षा : चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत ती असेलच असं नाही.

कागद : फॉर्म २९ व ३०. कर्ज असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे नूतनीकरण. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज हस्तांतरणापासून १४ दिवसांत करावा लागतो.