टकला उंदीर की घुबड-उंदीर?

ऑगस्टअखेरच्या 'वटवाघूळ रात्री'च्या बातम्या दरवर्षीप्रमाणे यंदाही आल्या. वटवाघळे किती कीटक फस्त करतात, हे त्यांत आलेच आहे. मला मात्र ओढ आहे ती त्यांच्या फ्रेंच नावाची. 'शोव्ह-सूरी' या जोडशब्दात शोव्ह म्हणजे टकला आणि सूरी म्हणजे उंदीर.

उंदीर समजू शकतो, पण टकला? वटवाघूळ जवळून पाहा. डोक्यापासून पोटापर्यंत दाट, मऊ लव असते. उघडी कातडी दिसते ती मुख्यतः कानांवर आणि पंखांच्या पडद्यावर. पंखांना पिसे नाहीत म्हणून टकला, असा खुलासा केला जातो. तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो.

नाव जुने आहे, यात शंका नाही. आठव्या शतकात उत्तर फ्रान्समधल्या लोकांना लॅटिन बायबलमधले शब्द कळेनासे झाले, तेव्हा कुणीतरी अवघड शब्दांपुढे बोलीतले सोपे शब्द लिहून ठेवले. रायशेनाऊच्या मठात सापडलेल्या या शब्दयादीत 'व्हेस्पर्टिलियो'समोर 'टकला उंदीर' याच अर्थाची जोडी आहे. व्हेस्पर म्हणजे संध्याकाळ. तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या प्राण्याचे किती नेमके नाव लोक विसरले होते!

पण टक्कल त्याही आधी चुकून चिकटले असावे. अनेक व्युत्पत्तिकारांच्या मते मूळ जोडी 'कावा सोरिक्स', म्हणजे घुबड-उंदीर. कावा हा घुबडाच्या आवाजावरून पडलेला शब्द. आजच्या फ्रेंचमधला घुबडासाठीचा 'शुएत' त्याच कुळातला. कावा कानाला अनोळखी झाला, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी जवळचा 'काल्वा', म्हणजे टकला, बसवला. 'कावा सोरिक्स' लिहिलेले कुठे सापडलेले नाही. ते अभ्यासकांनी मागे जाऊन मांडलेले रूप आहे. तरी मी याच बाजूचा. रात्री उडणाऱ्या उंदराला घुबडाचे नाव देणे शेतकऱ्याच्या डोळ्याला साजेसे आहे. बेल्जियमच्या वालून बोलीतले 'शाव-सोरी' हे रूपही तिकडेच बोट दाखवते.

दक्षिणेतल्या ऑक्सितान भाषेला ही अडचणच आली नाही. तिथे सरळ 'रातापेनादा', पंखवाला उंदीर.

1990 च्या शुद्धलेखन सुधारणेने शोव्ह-सूरीमधली जोडरेघ काढून एकसंध शब्द सुचवला. सक्ती नाही, हे बरे. ती रेघ राहिली पाहिजे. दोन शब्द कुठे जोडले गेले ते तिच्यामुळेच दिसते, आणि एखादे शाळकरी पोर विचारते, 'हा टकला कसा?'