मुलाचा डावा अंगठा, मुलीचा उजवा

बंगळुरूच्या यलो लाइनचं शेवटचं स्टेशन बोम्मसंद्रा. आर. व्ही. रोडपासून 19 किलोमीटर, दोन्ही टोकं धरून 16 स्टेशनं, उद्घाटन 10 ऑगस्ट 2025 ला. होसूर रोडने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली की कारखाने, औषध कंपन्या आणि नारायणा हेल्थ सिटीचा पसारा लागतो. इथली माणसं परदेशी जातात, परदेशची माणसं इथे येतात. पुण्या-कोल्हापूरहून नोकरीसाठी येऊन स्थिरावलेल्या घरांतही एखादं पोर डॅलसला नाहीतर दुबईला असतंच. आई फोनवर आधी विचारते, "जेवलास का?" आणि लगेच, "पासपोर्टची मुदत बघितलीस का?"

या दुसऱ्या प्रश्नाशी ज्याचा संबंध, ते खातं म्हणजे आपला दूतावास. दूतावास म्हटला की झेंडा, हिरवळ, 26 जानेवारीचं भाषण आणि मागाहून समोसे, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण ही कचेरी आपली इमारत सोडून बाहेर पडते, तेव्हा खरी बघण्यासारखी असते.

बोम्मसंद्रा ते केमन, व्हाया किंग्स्टन

बोम्मसंद्र्याच्या नारायणा हृदयालयाचे डॉ. देवी शेट्टी यांनी 2014 मध्ये थेट कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटावर रुग्णालय काढलं. मग भारतातले डॉक्टर आणि नर्स तिकडे गेले. आता गंमत अशी की केमन हा ब्रिटनच्या ताब्यातला चिमुकला प्रदेश. तिथे भारताचा दूतावास नाही. तिथल्या भारतीयांचं काम बघतं जमैकातल्या किंग्स्टनचं भारतीय उच्चायुक्तालय, म्हणजे मधे समुद्र! एका सहीसाठी विमानाचं तिकीट काढायचं की काय? म्हणून मग उच्चायुक्तालयाचीच माणसं कागद, शिक्के घेऊन बेटावर येतात आणि शिबिर भरवतात. याला म्हणतात कॉन्सुलर कॅम्प.

केमन एकटं नाही. फिजीच्या सुवामधल्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे टोंगा, तुवालू, नाउरू, किरिबाती अशी बेटं जोडलेली आहेत. जिल्हाधिकाऱ्याने प्रशांत महासागरभर दौरा काढावा, तसला हा कारभार.

गोंदाची कांडी आणि झोपलेलं बाळ

अमेरिकेत कॅम्प भरतो तो बहुधा शनिवारी-रविवारी, मंदिराच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या मंडळाच्या सभागृहात. घडीची टेबलं, एक्स्टेन्शन बोर्ड, टोकन. एका टेबलावर पासपोर्ट, दुसऱ्यावर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतवंशीयांचं कार्ड), तिसऱ्यावर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचं अटेस्टेशन (गावाकडच्या सातबाऱ्याची भानगड सातासमुद्रापारही सुटत नाही). कोपऱ्यात मंडळाचे स्वयंसेवक: "काका, फोटोत कान दिसत नाहीत, दुसरा आहे का?" ज्याच्याकडे जादा झेरॉक्स आणि गोंदाची कांडी, तो त्या दिवसाचा राजा.

सगळ्यात प्रेक्षणीय टेबल तान्ह्या बाळांचं. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा, आणि नियम पक्का आहे: मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. तीन महिन्यांच्या बाळाची मूठ उघडणं हे काही सरकारी नियमात लिहिलेलं नाही. बाबा मूठ सोडवतात, आई शाईचं पॅड धरते, बाळ नेमकं त्याच क्षणी बोट तोंडात घालतं. चौकटीच्या बाहेर गेलेला ठसा बाद, नवा फॉर्म. अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांत बाळाचं पहिलं शाईकाम पाटीवर नव्हे, भारत सरकारच्या अर्जावर झालेलं आहे.

आणि इथे आळस महागात पडतो. 3 डिसेंबर 2004 ला किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिक व्हायचं असेल, तर एका वर्षाच्या आत कॉन्सुलेटमध्ये त्याची जन्मनोंद झाली पाहिजे. पहिला वाढदिवस उलटला की प्रकरण केंद्र सरकारच्या परवानगीवर जातं. बारशाच्या यादीत हे लिहून ठेवा, घुगऱ्यांच्या वर.

आहात ना हो?

नोव्हेंबर आला की पेन्शनरांना आपण हयात असल्याचं सरकारला कळवावं लागतं. वय 80 च्या पुढे असेल तर ऑक्टोबरपासूनच मुभा. आता आजी-आजोबा सुनेच्या बाळंतपणासाठी ह्यूस्टनला गेलेले, आणि बँक बोम्मसंद्र्यात. काय करायचं? कॉन्सुलेटमध्ये किंवा कॅम्पमध्ये जाऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं. दाखला मिळतो, बहुतेक ठिकाणी फुकट. 2014 साली डिजिटल जीवन प्रमाण आलं, 2021 मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून काम भागू लागलं. तरीही कॅम्पमध्ये जाणारे आजोबा आहेतच. फोनपेक्षा माणसाने आपल्याला जिवंत म्हटलेलं त्यांना जास्त पटतं, आणि मला ते अगदी समजतं.

लग्नही लागतं, बरं का

1969 चा फॉरेन मॅरेज अ‍ॅक्ट. त्यानुसार परदेशातल्या भारतीय दूतावासात विवाह अधिकारी असू शकतो, आणि वधूवरांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी तिथे लग्न लागतं. आधी 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. अंतरपाट तुमचा तुम्ही आणायचा.

दूतावास नव्हता, तेव्हा

1781 साली राघोबादादाने आपले वकील हणमंतराव यांना मदत मागायला लंडनला पाठवलं. सोबत पारशी मंडळी. ना दूतावास, ना हेल्पलाइन, ना स्वयंपाकाची सोय. ब्राह्मणाने विलायतेत जेवायचं कुठे? मदतीला धावला एडमंड बर्क, ब्रिटिश संसदेतला नामांकित वक्ता. त्याने बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतलं काचघर त्यांना देऊन टाकलं, की इथे तुमचा सोवळ्याचा स्वयंपाक करा, पूजाअर्चा करा. परदेशात अडकलेल्या मराठी माणसाला मिळालेली ही फार जुनी कॉन्सुलर सेवा म्हणायला हरकत नाही, फक्त ती दिली परक्या देशाच्या खासदाराने.

फोन लावा: 800 आणि पुढे INDIA? छे, आकड्यांत!

दुबईत भारतीय कामगारांसाठी मदतकेंद्र सुरू झालं नोव्हेंबर 2010 मध्ये. उद्घाटनाला होत्या तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. त्याचा टोल-फ्री नंबर 800-46342. जुन्या बटणांच्या फोनवर हे शेवटचे पाच आकडे दाबताना त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली तर शब्द तयार होतो 'इंडिया'. पगार थकला, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, तर माणसाला नंबर आठवत नाही. देशाचं नाव आठवतं. ज्याला हे सुचलं त्याला मनापासून दाद.

मदतीला पैसा कुठून येतो? 2009 साली भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. कॉन्सुलर कामाच्या फीवर थोडीशी रक्कम जादा घेतात, अमेरिकेत 2 डॉलर, आणि ती या निधीत जाते. त्यातून अडकलेल्या माणसाचं राहणं-जेवण, परतीचं तिकीट, वकिलाचा खर्च, वेळ आली तर पार्थिव मायदेशी आणणं. म्हणजे सॅन होजेच्या इंजिनिअरने पासपोर्टसोबत भरलेले दोन डॉलर याच निधीत जमा होतात, आणि मस्कतच्या गवंड्यालाही मदत मिळते ती याच निधीतून. पावतीवरची ती ओळ बघून कुरकुर करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

दहावी न झालेला कामगार आखातात निघाला तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तेव्हा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा: 2 वर्षांसाठी 275 रुपये, संरक्षण 10 लाखांचं. एजंट लोक याबद्दल फारसं बोलत नाहीत. विचारावं लागतं.

कावेरी सुदानला गेली

2023 च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये यादवी पेटली आणि बातमी आली की कर्नाटकातले हक्की-पिक्की जमातीचे लोक तिथे अडकलेत. बंगळुरूच्या वाचकांनाही प्रश्न पडला, हे तिथे कसे? तर ही मंडळी जडीबुटी आणि केसांचं तेल विकत आफ्रिकेत फिरतात, अगदी पूर्वापार फिरस्त्यांसारखी. त्यांच्यासह 3,800 हून अधिक जणांना सोडवून आणलं, बहुतेकांना पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन कावेरी'. नदी कर्नाटकची, हे कुणी मुद्दाम केलं की योगायोग, ते दिल्लीलाच ठाऊक.

दूतावास नसलेला दूतावास

बोम्मसंद्रा मेट्रो स्टेशनच्या नावाआधी 'डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स' लागलंय. कंपनी तैवानची. आणि भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंधच नाहीत! मग तिथे गेलेल्या भारतीयाचा पासपोर्ट हरवला तर? तैपेईत 1995 पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' नावाची कचेरी आहे. दारावर दूतावासाची पाटी नाही, पण पासपोर्टची कामं तीच करते. दिल्लीतही तैवानची अशीच एक 'सेंटर' म्हणवणारी कचेरी आहे. पाटी काही का असेना, टोकन घ्यावंच लागतं.

आणखी एक गैरसमज मोडून टाकू. दूतावासाची जमीन ही त्या देशाची भूमी नसते. दिल्लीतला अमेरिकन दूतावास भारतातच आहे. यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय आत शिरू शकत नाहीत, एवढंच. सिनेमावाल्यांनी आपल्याला फार फसवलंय.

एक रुपया फी

1963 च्या व्हिएन्ना कराराचं 36 वं कलम सांगतं की परक्या देशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या दूतावासाला भेटता आलं पाहिजे. निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने ही भेट नाकारली, तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. वकील हरीश साळवे, नागपूरचे. फी घेतली 1 रुपया. 17 जुलै 2019 ला निकाल आला, 15 विरुद्ध 1, कलमाचा भंग झाला असं न्यायालयाने म्हटलं. 2 सप्टेंबरला भारतीय अधिकारी जाधवांना भेटले. सुटका मात्र झाली नाही. दूतावास दार ठोठावू शकतो, तुरुंग फोडू शकत नाही.

बंगळुरूत बसून पॅरिसचा खासदार

बंगळुरूत फ्रान्सचं कॉन्सुलेट आहे, आणि फ्रेंच नागरिकांसाठी ते मतदानकेंद्रही ठरतं. परदेशातल्या फ्रेंचांचे 11 खासदार खास राखीव. भारतातले मतदार 11 व्या मतदारसंघात येतात. आपल्याकडे? कायदा बदलून अनिवासी भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येऊ लागलं, फॉर्म 6-अ. पण मत द्यायला विमानाने यायचं, गावच्या शाळेत, बोटाला शाई लावायला. लंडनहून शिरोळला एका मतासाठी! एवढ्या कचेऱ्या गावोगाव फिरतात, त्यांतल्या एकीत मतपेटी ठेवायला जागा नाही, हे मला तरी पटत नाही.

जाता जाता कर्नाटकचे दोन मान. 2010 मध्ये पासपोर्ट सेवा केंद्राचा देशातला प्रयोग ज्या मोजक्या गावांत झाला, त्यांत बंगळुरू होतं. आणि 25 जानेवारी 2017 ला टपाल कार्यालयातलं पासपोर्ट केंद्र सुरू झालं ते म्हैसूर आणि दाहोदला. पुढे ही कल्पना चारशेहून अधिक गावांत पोचली. त्यात परराष्ट्र खात्याचे तेव्हाचे सचिव ज्ञानेश्वर मुळे यांचा वाटा मोठा. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं अब्दुल लाट, टोपणनाव 'पासपोर्ट मॅन'.

त्याच जानेवारीत बंगळुरूत प्रवासी भारतीय दिवस भरला. पाहुणे पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता, वडिलांकडून गोंयकार, मडगावात घर, घरचं लाडकं नाव 'बाबुश'. त्या दौऱ्यात त्यांना ओसीआय कार्ड देण्यात आलं. कार्डासाठी रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांना तेव्हा वाटलं असेल, पंतप्रधान झालो असतो तर बरं झालं असतं.

बाकी मदत मागायला लाजू नये, हे सुषमा स्वराजांनी परराष्ट्रमंत्री असताना ट्विटरवर सिद्ध केलं. 2017 मध्ये एकाने लिहिलं, मी मंगळावर अडकलोय, मंगळयानाने पाठवलेलं खाणं संपत आलंय. (यानाची दोरी हातात होती ती बंगळुरूकरांच्याच.) बाईंनी उत्तर दिलं की मंगळावर असलात तरी तिथला भारतीय दूतावास मदत करेल. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याने बिघडलेल्या फ्रीजची तक्रार केली होती. त्यावर त्यांनी कळवलं, बंधो, संकटातल्या माणसांच्या कामात मी गुंतलेय, फ्रीजचं माझ्याने होणार नाही.