गावच्या रेडिओचं 'घड्याळ' कसं लावायचं?

सन २००६ च्या धोरणाने कृषी विज्ञान केंद्रे आणि सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. पण दिवसभर गाणी लावत बसायला माणूस आणायचा कुठून? त्यासाठी लिनक्सवर चालणारं 'रिव्हेंडेल' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इन्व्हर्टर मात्र हवाच. भारनियमन सॉफ्टवेअरला जुमानत नाही.

आधी प्रत्येक गाणं भांडारात भरून त्याला क्रमांक नि खूण द्यायची: ओवी, भजन, लावणी. मग एका तासाचं 'घड्याळ' आखायचं, कुठे गाणं, कुठे सल्ला. अशी घड्याळं आठवड्याच्या १६८ तासांत बसवली की रोजची यादी यंत्रच काढतं.

खरी मेख बाजारभावात आहे. कालचा कांद्याचा भाव आज वाजला, तर तो ऐकून गाडी भरणारा शेतकरी बुडालाच म्हणायचा! म्हणून भावाच्या ध्वनिमुद्रणाला तारीख-वेळेची मुदत घालावी. मुदत सरली की ते वाजत नाही. फवारणीच्या सल्ल्याला पक्की वेळ बांधून द्यावी, नाहीतर लांबलेलं भजन त्याला पुढे ढकलत नेतं.

आणि उद्याची यादी आज संध्याकाळीच काढून आजच्या यादीला जोडा. ती राहिली, तर आजची संपताच केंद्र मुकं होतं.