नमुना फाईल नीट लावताना : एका स्पेसचे काम आणि एका स्पेसची जबाबदारी

बिदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत आता निदान एक तरी मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरच्या शिक्षणात असते. कोणी बिदरच्या गुरुनानक देव इंजिनिअरिंग कॉलेजात, कोणी कलबुर्गीच्या पी.डी.ए. कॉलेजात, तर कोणी नोकरीसाठी हैदराबाद, पुणे किंवा बेंगळुरूला. या मुलांना घरातले मोठे विचारतात, "तू दिवसभर करतोस तरी काय?" त्यावर "सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाईल नीट लावत होतो" असे उत्तर दिले, तर समोरच्याला वाटते, हे तर कारकुनी काम. खुद्द मुलांनाही बहुधा तसेच वाटते. या कारकुनी वाटणाऱ्या कामात काय दडले आहे, ते आज पाहू.

नमुना फाईल म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागण्यांना उत्तर देत बसलेला प्रोग्राम. कोणी वेबसाईट मागतो, कोणी फाईल, कोणी लांबून आत शिरू पाहतो. कोणाला दार उघडायचे, कोणाला नाही, कोणत्या पोर्टवर ऐकायचे, नोंदी कुठे ठेवायच्या, हे सारे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेले असते. ती कॉन्फिगरेशन फाईल. प्रोग्राम बनवणारे लोक त्यासोबत एक नमुना फाईल देतात. बहुतेक सेटिंग तिच्यात लिहिलेल्या असतात, पण ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकून झोपवून ठेवलेल्या. हवी ती ओळ आपण जागी करायची.

ही फाईल घरच्या विरजणासारखी असते. शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणलेले विरजण पुढे दहा घरांत जाते आणि पहिल्या घरच्या दह्याची चव दहा ठिकाणी पोचते. नमुना फाईलही जशीच्या तशी कॉपी होते. भालकी, औराद किंवा आळंदमध्ये एखादा मुलगा कॉलेजच्या लॅबचा नाहीतर छोट्या दुकानाचा सर्व्हर एकट्याने उभा करतो, तेव्हा शेजारी विचारायला सीनियर बसलेला नसतो. त्याच्यासाठी ती नमुना फाईल हाच गुरू.

तयार मिळालेले सहसा कोणी बदलत नाही, हे २०१७ च्या जानेवारीत जगाने पाहिले. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या मुळातच सगळ्या नेटवर्कवर ऐकत आणि पासवर्ड मागत नसत. लोकांनी त्या तशाच इंटरनेटवर चालू ठेवल्या. हल्लेखोरांनी हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून हा डेटाबेस सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनचे ऐकू लागला. हातात आलेली पहिली मांडणी कशी आहे, यावर इतके अवलंबून असते.

रिकामी जागाही बोलते

मजकुराची मांडणी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपली मोडी लिपी आठवा. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची आणि हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. लिहिणाऱ्याचा वेग वाढला, पण पुढच्या पिढीच्या वाचणाऱ्याचे हाल झाले. आज मोडी कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे बरेचसे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्या चिन्हांनी मराठीतला एकही शब्द बदलला नाही, तरी मराठी वाचणे सोपे झाले.

नमुना फाईलची सफाई याच जातीची असते. ओळी सरळ रेषेत आणायच्या, टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ काढायची, ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागा पुसायच्या, एकाच विषयाच्या ओळी एकत्र दिसतील अशा ठेवायच्या. सर्व्हरच्या वागण्यात काडीचाही फरक पडू द्यायचा नाही. फरक पडायला हवा तो वाचणाऱ्याच्या डोळ्याला.

जागा कुठे शोभेची, कुठे अर्थाची

इथे पहिली मेख आहे. प्रत्येक सर्व्हरची भाषा वेगळी, आणि मोकळ्या जागेचा अर्थही वेगळा.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरला मोकळ्या जागेचे सोयरसुतक नाही. त्याचे वाक्य अर्धविरामाने संपते आणि गट महिरपी कंसांनी बांधला जातो. त्याच्या नमुना फाईलमध्ये सुरक्षित वेबसाईटचा एक अख्खा गट हॅश लावून ठेवलेला असतो. ते हॅश एका उभ्या रेषेत असले की तो गट सुरुवातीपासून शेवटच्या कंसापर्यंत एका दमात जागा करता येतो. रेषा वाकडी असेल तर एखादा कंस झोपलेलाच राहतो आणि सर्व्हर सुरू होत नाही.

मोंगोडीबीची फाईल यामल पद्धतीची असते. तिथे मोकळी जागा हेच व्याकरण. एखादी सेटिंग कोणत्या शीर्षकाखाली येते, ते डावीकडे सोडलेल्या स्पेसवरून ठरते. इंडेंटसाठी टॅब मुळीच चालत नाही. अशा फाईलमध्ये 'नीटनेटके' करायला जाऊन दोन स्पेस उडाल्या, तर सेटिंग एका घरातून दुसऱ्या घरात गेली म्हणून समजा.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. ओपनएसएसएच हा लांबून सर्व्हरमध्ये शिरण्याचा दरवाजा, जगभर वापरला जाणारा. त्याच्या फाईलमध्ये 'मॅच' नावाची ओळ लिहून ठरावीक माणसांपुरते वेगळे नियम करता येतात. नमुन्यात शेवटी त्याचे एक उदाहरण दिलेले आहे, खालच्या ओळी टॅबने आत सरकवून. पाहणाऱ्याला वाटते, आत सरकलेल्या ओळी तेवढ्या त्या माणसाच्या आणि डावीकडे आलेली ओळ सगळ्यांची. प्रोग्रामला मात्र त्या सरकवण्याशी देणेघेणे नाही. 'मॅच' सुरू झाला की पुढचा 'मॅच' येईपर्यंत किंवा फाईल संपेपर्यंत सगळे त्याच्याच पोटात.

आता समजा, एखाद्याने तो गट जागा केला आणि नंतर फाईलच्या तळाशी, अगदी डावीकडून, 'पासवर्डने प्रवेश बंद' अशी ओळ टाकली. त्याला वाटते दार लागले. प्रत्यक्षात ते एकाच माणसासाठी लागले. बाकी सगळ्यांचा पासवर्ड चालूच. फाईल तपासणारी चाचणीसुद्धा तक्रार करत नाही, कारण ओळ नियमाप्रमाणे बरोबर आहे. अशा ठिकाणी नुसते सरळ रेषेत लावणे पुरत नाही. 'सर्वांसाठीच्या सेटिंग या गटाच्या वर लिहा' अशी एक ओळ तिथे लिहून ठेवणे हीसुद्धा सफाईच.

सफाईच्या नावाखाली अर्थ पुसला जातो तो असा

साम्बा हा विंडोजशी फाईल वाटून घेणारा सर्व्हर. त्याच्या नमुना फाईलमध्ये दोन चिन्हे वापरतात : समजावून सांगणाऱ्या मजकुराला हॅश आणि झोपवलेल्या सेटिंगला अर्धविराम. ओपनएसएसएचच्या फाईलमध्ये हाच भेद मोकळ्या जागेने दाखवतात. हॅशनंतर स्पेस असेल तर ते स्पष्टीकरण. हॅशला चिकटून शब्द असेल तर ती झोपवलेली सेटिंग. एखाद्या उत्साही मुलाने 'सगळीकडे एकसारखे दिसू दे' म्हणून प्रत्येक हॅशनंतर स्पेस टाकली, तर सर्व्हर पूर्वीसारखाच चालेल, पण वाचणाऱ्याच्या हातातली खूण गेली. म्हणून हात लावण्याआधी फाईलची स्वतःची रीत काय आहे ते वाचायचे. बहुतेक वेळा ती पहिल्या वीस-पंचवीस ओळींतच लिहिलेली असते.

न दिसणारी अक्षरे

मराठीत टाईप करणाऱ्यांना ही अडचण लवकर समजेल. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात मध्ये न दिसणारे जोड-अक्षर असते. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच, पण शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही.

कॉन्फिगरेशन फाईलमध्येही असेच पाहुणे शिरतात. वर्ड किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या ओळीत सरळ अवतरणचिन्हाऐवजी वळणदार चिन्ह येते. साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. विंडोजवर साठवलेल्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण असते. डोळ्याला सगळे ठीक, सर्व्हर मात्र अडतो. नमुना फाईलमधून अशी अक्षरे शोधून काढणे हे सफाईतले सर्वांत उपयोगी काम. बहुतेक एडिटरमध्ये न दिसणारी अक्षरे दाखवण्याची सोय असते. ती चालू करून एकदा फाईल पाहा.

एका स्पेसची किंमत

मग दिसेल तिथे साफ करत सुटायचे का? थांबा. डेबियन आणि त्याच्यावर आधारलेल्या उबुंटूमध्ये प्रोग्राम अपडेट होताना कॉन्फिगरेशन फाईल बदलली आहे का, ते चेकसमने तपासतात. आपण आपल्या फाईलमध्ये बदल केलेला असेल आणि नव्या पॅकेजमधली फाईलही बदललेली असेल, तर अपडेट मध्येच थांबून विचारते : तुमची फाईल ठेवू की नवी घेऊ? बदल एका स्पेसचा असला तरी चेकसम वेगळाच येतो. रेड हॅटच्या कुळात असे विचारत नाहीत. तिथे बहुधा जुनी फाईल तशीच ठेवून नवी शेजारी वेगळ्या नावाने टाकतात. दोन्हीकडे कुणाला तरी दोन फाईली समोरासमोर ठेवून पाहाव्या लागतात, नेमके काय बदलले म्हणून.

म्हणजे आपण बदललेल्या एका स्पेसमुळे जगात कुठेतरी, रात्री दोन वाजता, एखादा ॲडमिन डोळे ताणून बसू शकतो. त्यामुळेच काही प्रकल्प नुसत्या सफाईचे बदल घेत नाहीत. त्यात त्यांचा गर्व नसतो, हिशेब असतो. तेव्हा आधी विचारावे, मग हात घालावा.

काम करायचे ते असे

पहिली गोष्ट, सफाई आणि सुधारणा एकत्र करू नये. ओळी सरळ करता करता एखाद्या सेटिंगची किंमतही बदलली, तर तपासणाऱ्याला शंभर निरुपद्रवी ओळींतून ती एक ओळ शोधावी लागते. दोन कामे, दोन वेगळ्या नोंदी.

दुसरी, स्वतः तपासून पाहावे. गिटमध्ये फरक बघताना 'डब्ल्यू' हा पर्याय दिला की मोकळ्या जागांचे फरक लपतात. तुम्ही फक्त ओळींतल्या जागा नीट केल्या असतील, तर काहीच दिसायला नको. दिसले, तर नकळत आणखी काही बदलले आहे. यामलमध्ये मात्र या चाचणीवर विसंबू नका, कारण तिथे जागेलाच अर्थ आहे.

तिसरी, सर्व्हरलाच विचारावे. एनजिनएक्स आणि ओपनएसएसएच या दोघांनाही छोटा 'टी' हा पर्याय दिला की ते फाईल तपासून दाखवतात. ओपनएसएसएचला मोठा 'टी' दिला, तर प्रत्यक्षात लागू होणाऱ्या सगळ्या सेटिंगची यादीच छापतो. सफाईआधीची यादी आणि नंतरची यादी तंतोतंत जुळली पाहिजे.

चौथी, बदलाच्या नोंदीत स्वच्छ लिहावे : 'फक्त मांडणी बदलली, वागणुकीत फरक नाही.' गिट प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते दाखवते. सफाईमुळे मूळ लेखकाच्या जागी आपले नाव येते आणि 'ही ओळ का आली' हा धागा तुटतो. २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून असे सफाईचे बदल वगळून इतिहास पाहता येतो. पण त्यासाठी ते बदल वेगळे नोंदलेले असायला हवेत.

बिदरी काम आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नक्षी कोरण्याआधी कारागीर त्या जस्ताच्या भांड्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतो, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. त्या पाण्याने भांड्यात चांदी वाढत नाही. पण ते फिरवले नाही, तर पुढचा हात कुठे चालवायचा हेच कळत नाही.

तुमच्यापैकी कोणाला मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिले पाऊल टाकायचे असेल, तर रोज वापरता त्या सर्व्हरची नमुना फाईल एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. जिथे अडखळाल, तिथे खूण करा. तुम्ही जिथे अडखळलात, तिथेच औरादचा तो एकटा मुलगाही अडखळणार आहे. प्रकल्पाचे नियम वाचा, विचारा, आणि मग एकच छोटा, स्वच्छ बदल पाठवा. आणि घरी कोणी विचारले, "आज काय केलेस?" तर खुशाल सांगा, "पुढच्या माणसासाठी वाट झाडून ठेवली."