औषधी चहा आणि पाड्यावरच्या भगिनींचे आरोग्य



सातपुड्यातील पाड्यांवरच्या स्त्रियांसाठी औषधी चहाची पाकिटे पाठवावीत का, असे मंडळीतील काही भगिनींनी विचारले आहे. या चहाने गर्भाशयाचे व बीजांडांचे रक्षण होते, असे त्यांनी ऐकले आहे. प्रश्न प्रेमापोटी आलेला आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ओल्या हवेत लोखंड गंजते. थोडीफार तशीच क्रिया शरीरातही घडते. अन्नापासून शक्ती तयार होताना फ्री रॅडिकल्स नावाचे कण निर्माण होतात. ते फार वाढले की पेशींना इजा करतात. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सर्व बीजांडे तिच्या पोटात असतात. त्यामुळे ही झीज त्यांना वर्षानुवर्षे सोसावी लागते. चहा, तुळस, आले, गवती चहा यांत ती रोखणारे घटक आहेत, हे खरे. मात्र त्याचे बरेचसे पुरावे प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहेत. एखादा चहा पिऊन वंध्यत्व किंवा गर्भाशयाचा आजार बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आमच्या पाड्यांवर खरी अडचण वेगळी आहे. येथे दूध क्वचितच मिळते, म्हणून भाकरीबरोबर कोरा चहा पितात. चहातील टॅनिन अन्नातले लोह धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. पुदिन्यासारख्या वनस्पतींच्या चहानेही हे काही प्रमाणात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे. पाळीत आणि बाळंतपणात रक्त जाणाऱ्या बाईला जेवणासोबतचा चहा, मग तो कितीही औषधी असो, महागात पडतो.

म्हणून आम्ही भेटीगाठीत या गोष्टी सांगतो:

• चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने प्यावा. लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नये.
• जेवताना लिंबू पिळावे किंवा आवळा खावा. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते, शिवाय पेशींची झीजही रोखली जाते. शेवग्याचा पाला आणि डाळी असाव्यात.
• तंबाखू व मिश्री सोडावी, चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करावी. दोन्हींमुळे फ्री रॅडिकल्स वाढतात.
• गरोदरपणी नर्सताईंना विचारल्याशिवाय कोणताही काढा घेऊ नये. काही मुळ्यांनी गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव होऊ शकतो.
• या भागात सिकलसेल आढळतो. त्याची तपासणी करून घ्यावी आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

सर्वात जास्त काळजी वाटते ती उशिराची. अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त जाणे ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. लाजेपोटी बाई कोणाला सांगत नाही, महिनोन्‌महिने काढा पीत राहते आणि आजार बळावतो. वेळीच तपासणी झाली तर गर्भाशयमुखाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. वनस्पती ही देवाची देणगी आहे, तसेच डॉक्टरचे ज्ञानही.

तेव्हा चहाच्या पाकिटांऐवजी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतच्या जीपभाड्याला हातभार लावा. सोबत जाण्यासाठी एखादी भगिनी एक दिवस देऊ शकली, तर फारच उत्तम. अनोळखी दवाखान्यात आपल्या माणसाचा आधार मोठा असतो. आणि प्रार्थना करा की, जी बाई आज दुखणे लपवून बसली आहे, तिला बोलण्याचे धैर्य मिळो.